आधी खराटा, मग कीर्तन

भाविकहो, वाणी ही देवाने दिलेली ठेव आहे. चारचौघांत उच्चारलेला शब्द खचलेल्या मनाला उभारी देतो. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की दिवसा हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत व रात्री कीर्तनास उभे राहत. साधे प्रश्न विचारून ते उत्तर श्रोत्यांच्याच मुखातून वदवून घेत. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, हा त्यांचा उपदेश म्हणूनच अंतःकरणात उतरे.

उमरोळीत सप्ताहात वा लग्नमंडपात बोलण्याचा प्रसंग येईल, तेव्हा आपणही कोणाचे वैगुण्य चव्हाट्यावर मांडू नये. आधी स्वतः आचरलेले, ऐकणाऱ्यास उद्याच करता येईल असे एक सत्कर्म सांगावे. अशी वाणी हीच ईश्वरसेवा होय.