लादलेला उपास

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात अर्धं अंग सोन्याचं झालेल्या मुंगसाची गोष्ट आहे. ती अनेकांना ठाऊक असते, पण तिच्यातला एक संवाद सांगताना सहसा गळून जातो. दुष्काळ पडला आहे, शेतात सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या एका कुटुंबाला थोडे जव मिळाले आहेत, त्यांच्या सातूचे चार वाटे झाले आहेत आणि घास तोंडात जाण्याआधीच दारी अतिथी उभा राहतो. घरातला म्हातारा आपला वाटा त्याला देतो, मग म्हातारी आपला देते. मुलगा आपला वाटा पुढे करतो तेव्हा मात्र बाप त्याला थांबवतो. तरुणांची भूक जबर असते, मी म्हातारा आहे, मी सोसेन, या वयात मला भूक छळत नाही आणि मरणाचं भयही उरलेलं नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. हेच बोलणं आपल्याकडे घरोघरी निराळ्या शब्दांत ऐकू येतं: आम्हाला आता काय लागतं, दोन घास पुरतात. ऐकणारा हेलावतो आणि ताटात दोनच घास वाढतो. मला इथे धर्माचा एक प्रश्न दिसतो. कुणी त्याग करायला तयार असेल, तर त्या त्यागावर आपला हिशेब बसवण्याचा अधिकार आपल्याला मिळतो का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि २०२० सालच्या करोनाच्या महिन्यांनी ते ‘नाही’ मोठ्याने म्हणण्याची गरज दाखवून दिली.

म्हाताऱ्याचं बोलणं थोर आहे, पण शरीराच्या बाबतीत ते खरं नाही. उतारवयात भूक मंदावते, जीभ बेचव होते, तहान लागल्याचं पटकन कळत नाही. शरीराची गरज मात्र त्या मानाने घटत नाही. स्नायू झिजत असतात, म्हणून प्रथिनं तरुणाइतकी तरी हवीतच, आणि वार्धक्याचं वैद्यक जाणणारे तर थोडी जास्तच सांगतात. करोनाच्या आधीच, २०१७-१८च्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत साठीपुढचे सुमारे चौथा हिस्सा लोक कमी वजनाचे आढळले होते. टाळेबंदीत केंद्राने गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी महिना ५ किलो धान्य फुकट दिलं, ही मोठी गोष्ट होती आणि तिने असंख्य चुली पेटत्या ठेवल्या. पण हिशेब मांडून पाहू. ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. ते सगळे गहू असले तरी त्यातून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, तांदूळ असला तर त्याहून कमी. ५० किलो वजनाच्या बाईला किमान ४० ग्रॅम लागतात. डाळ माणशी नव्हती, घरटी १ किलो होती. पाच जणांच्या घरात ती दिवसाला माणशी सहा-सात ग्रॅम पडते. जुलैपासून डाळीऐवजी अख्खा हरभरा आला. हरभरा रात्री भिजत घालायचा, कुकरच्या शिट्ट्या वाढवून शिजवायचा, तेवढा गॅस जाळायचा, आणि दात पडलेल्या, कवळी परवडत नसलेल्या माणसापुढे ठेवायचा. कागदावर त्याचा वाटा पोचलेला असतो. तोंडात काय गेलं याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

त्यातच पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये, अशी सरकारी सूचना होती. रोगाच्या दृष्टीने ती रास्तच होती. पण ज्याला आपण बाहेर पडू नको म्हणतो, त्याच्या पोटाची जबाबदारी त्याच क्षणी आपल्याकडे येते, असं मला वाटतं. एरवी निराधार वृद्ध रेशनच्या दुकानापुढे रांग धरतो, मंडईत शेवटी उरलेली भाजी स्वस्तात उचलतो, देवस्थानाच्या अन्नछत्रात बसतो. महाराष्ट्रातली मंदिरं मार्चमध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. पंढरपूर, शिर्डी, आळंदीसारख्या गावांत भाविकांच्या गर्दीच्या आधाराने जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं एकवेळचं जेवण त्या गर्दीबरोबरच गेलं. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना महिना २०० रुपये होता. संकटकाळातली वाढ म्हणून दोन हप्त्यांत १००० रुपये मिळाले. राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे पैसे धरले तरी दूध, अंडी, फळं त्यात बसत नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की संकटात सगळ्यांना सगळं देता येत नाही. वाढत्या वयाची पोरं आणि कमावते हात आधी. हा निष्ठुरांचा आक्षेप नाही, कित्येक आजी-आजोबा स्वतःच तो मांडतील. जैन परंपरेत तर सल्लेखनेला, म्हणजे अन्न कमी करत देह ठेवण्याच्या व्रताला, जिथे मान्यता आहे, तिथे दुष्काळ आणि जरा म्हणजे म्हातारपण ही दोन्ही कारणं स्पष्टपणे सांगितली आहेत. पण समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्यांना एक अट जोडलेली आहे: ज्यावर उपाय उरलेला नाही असं संकट. ही अट इथे निर्णायक आहे. १ एप्रिल २०२०ला केंद्राच्या गोदामांत ५ कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होते, ठरवलेल्या राखीव साठ्याच्या दुपटीहून जास्त. नातवाचा घास आजीच्या घासातून काढावा, असा तो काळ नव्हताच. कमी होती ती पोचवण्याच्या सोयीची, शिजवणाऱ्या हातांची, आणि म्हाताऱ्याचं जेवण हा स्वतंत्र विषय आहे हे मानण्याची. उपाय असताना घडलेल्या उपासाला व्रताचं नाव देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. त्यांची स्वतःचीच इच्छा कमी खाण्याची असेल, वैराग्य खरंच आलं असेल, तर आग्रह करून आपण त्यांच्या साधनेत विघ्न आणत नाही का? खऱ्या वैराग्यापुढे माझी मान झुकते. पण ते ओळखायची एकच वाट मला दिसते: आधी पूर्ण ताट वाढायचं, मऊ शिजवलेलं, चावता येईल असं, आणि मग त्यांनी नको म्हटलं तर मुकाट्याने मागे व्हायचं. ताटच न वाढता ‘त्यांना नको असतं’ म्हणणं हा त्यांच्या नावावर केलेला आपला सोयीचा संकल्प आहे. घरातल्या बायकांच्या बाबतीत तर हे फार जपून तपासायला हवं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची सवय जिला पन्नास वर्षं आहे, तिच्या ‘मला भूक नाही’मध्ये किती इच्छा आणि किती सवय, हे तिलाही वेगळं सांगता येणार नाही.

मग कुटुंबाचं काय, आणि अन्नदानाचं काय, असं विचारलं जाईल. २००७च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला आहे, तो असायलाही हवा. पण ज्या मुलाची मजुरी मार्चमध्येच थांबली त्याच्याकडून कायदा काय वसूल करणार? दानाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. गुरुद्वारांच्या लंगरांनी आणि गल्लीबोळांतल्या तरुण मंडळांनी त्या दिवसांत जे केलं, ते विसरता येणार नाही. राज्यानेही शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाचवर आणली: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भात. वृद्धाला चालेल असं ते खरोखर जेवण होतं, पण ते केंद्रावर जाऊन घ्यावं लागे. दान असो वा अशी थाळी, दोन्ही येऊ शकणाऱ्याला मिळतं. खाटेवरचा माणूस त्या वर्तुळाबाहेरच राहतो. हक्क झाला म्हणजे करुणा आटते, हेही मला पटत नाही. शाळेतल्या पोराला हक्काने खिचडी मिळू लागली म्हणून आईची माया कमी झाली, असं कुणी म्हणत नाही.

मुंगसाच्या गोष्टीत ती कुणाला ऐकवली जाते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ती गरिबांना सोसायला शिकवण्यासाठी सांगितलेली नाही. ती युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात, राजाच्या तोंडावर मुंगूस सांगतं: तुझा एवढा मोठा यज्ञ त्या सातूच्या बरोबरीचा नाही. म्हाताऱ्याचा त्याग ऐकून राज्यकर्त्याने कौतुक करायचं नसतं, त्याची मान खाली जायला हवी. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गर्भवती, स्तनदा माता आणि बालकांच्या आहाराची वेगळी तरतूद आहे. वृद्धांसाठी तशी नाही. टाळेबंदीत अंगणवाडी सेविका बालकांचा आहार घरपोच देत फिरत होत्या. म्हणजे दारापर्यंत जाणारी वाट होती, चालणारी माणसंही होती. त्याच घरात आजी बसलेली असताना तिच्यासाठी पिशवीत काही नव्हतं, कारण तिचा घास कुणाच्याही कामाच्या यादीत नव्हता. तो यादीत घालणं, त्यासाठी सेविकांना वेगळा मोबदला आणि वेगळी माणसं देणं, आणि ताटात मऊ वरणभात, अंडं किंवा दूध असेल हे पाहणं, हे पुढची साथ येण्याआधी करता येण्यासारखं आहे.