डोंगरावरचा घोट आणि झाकलेली बाटली

चार्ली रोझन हे नाव संगणकाच्या इतिहासात येतं ते 'शेकी' या यंत्रमानवामुळे. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 1966 पासून पुढची काही वर्षं खपून त्यांच्या गटाने हा डगमगत चालणारा, स्वतःची वाट स्वतः ठरवणारा रोबो घडवला. त्याच्या बऱ्याच आधी, 1959 साली, डेव्ह बेनियन, ह्यू क्रेन या त्याच संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर रोझन यांनी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ डोंगररांगेत, मॉन्टे बेलो नावाच्या धारेवर एक जुनी द्राक्षबाग विकत घेतली होती. सुटीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन जायला एक जागा, एवढाच हेतू. बागेत कॅबर्ने सोव्हिन्यॉंचे वेल होते. पहिल्या वर्षी हौसेने जेमतेम पाव पिंप वाइन केली. ती इतकी चांगली निघाली की मंडळी गुंतत गेली, आणि 1962 च्या हंगामापासून 'रिज' या नावाने रीतसर वाइन विक्रीसाठी होऊ लागली.

मोजमापावर पोट असलेली ही माणसं अशा धंद्यात पडली जिथे मोजून फार थोडं कळतं, याची मला गंमत वाटते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आज कूपरटिनो, सॅराटोगा ही गावं आहेत. अॅपलचं मुख्यालय तिथलंच. या भागात मराठी घरंही पुष्कळ, आणि पुण्या-नाशकाहून आलेल्या आईवडिलांना घेऊन रविवारी मॉन्टे बेलोच्या वळणावळणाच्या रस्त्याने वर जाणाऱ्या गाड्यांमध्ये आपली माणसं हमखास असतात. वडील कुतूहलाने दोन घोट घेऊन पाहतात. आई बाहेरच्या बाकावर बसून खाली पसरलेलं खोरं बघते आणि चकल्यांचा डबा उघडते.

या डोंगरांना वाइनचा प्रदेश म्हणून अधिकृत मान्यता मिळाली ती 1981 साली. त्याची हद्द आखताना उंची धरली गेली: समुद्राकडच्या बाजूला 400 फुटांच्या वर, खोऱ्याच्या बाजूला 800 फुटांच्या वर. पॅसिफिकवरून येणारं धुकं साधारण जिथे थांबतं त्याच्या वरचा हा मुलूख. माथ्यावरच्या बागा अडीच हजार फुटांपुढे जातात. मधून सान अँड्रियास हा भूभ्रंश जातो. 1989 च्या ऑक्टोबरात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, त्याचं केंद्र याच रांगेत होतं. एवढ्या थोरल्या मुलखात प्रत्यक्ष द्राक्षाखालची जमीन किती, तर दीड हजार एकरांच्या आसपास. नापा खोऱ्यात ती 45 हजार एकरांच्या घरात जाते. उरलेल्या डोंगरावर रेडवुडचं जंगल, उतार आणि दऱ्या.

माती पातळ, पाणी कमी, काही जुन्या बागांना तर ठिबकही नाही. एकरी दोन टन माल निघाला तरी पुष्कळ म्हणणारे बागायतदार इथे भेटतात. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाचे एकरी आठ-दहा टन काढणाऱ्या निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो आधी त्या माणसाच्या कर्जाची चौकशी करील. आणि ती चौकशी रास्त आहे. डोंगरावरची छोटी वाइनरी हा बहुतेक वेळा हिशेबाला न जुमानणारा उद्योग असतो. मण्याचा आकार लहान, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून वाइन दाट, घट्ट आणि हळू पिकणारी होते. गुण आणि तोटा एकाच मण्यात येतात, आणि गुणाचे पैसे तोट्याइतके क्वचितच मिळतात.

आता त्या गुणाचा न्याय कोणी करायचा?

एक न्यायालय प्रसिद्ध आहे. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-विक्रेत्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन्स लेबल झाकून ठेवल्या. दोन्ही गटांत, लाल आणि पांढऱ्या, कॅलिफोर्निया पहिली आली. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाची पांढरी वाइन चाखून, चला, आलो एकदाचे फ्रान्समध्ये परत, अशा अर्थाचा सुस्कारा टाकला. मॉन्टे बेलोची 1971 ची वाइन लाल गटात पाचवी आली. याच डोंगररांगेतल्या डेव्हिड ब्रूस यांची 1973 ची शार्दने पांढऱ्या गटात दहापैकी दहावी आली. डोंगराची उंची तिच्या कामी आली नाही. तीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच लाल वाइन्स पुन्हा झाकून चाखल्या तेव्हा मॉन्टे बेलो पहिली आली. फ्रेंच वाइनच तेवढी टिकते, हा आक्षेप तिथे मिटला.

ही गोष्ट डोंगरावरच्या प्रत्येक टेस्टिंग रूममध्ये ऐकायला मिळते, ब्रूस यांच्या दहाव्या क्रमांकाची सोडून. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रॉबर्ट हॉजसन हे समुद्रशास्त्राचे प्राध्यापक, उत्तर कॅलिफोर्नियात स्वतःची छोटी वाइनरी चालवणारे. त्यांची एकच वाइन एका स्पर्धेत सुवर्णपदक घेई आणि दुसरीत तिला कोणी विचारीत नसे. त्यांनी कॅलिफोर्निया राज्याच्या मेळाव्यातल्या वाइन-स्पर्धेच्या परीक्षकांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. तीस पेल्यांच्या रांगेत एकाच बाटलीतली वाइन तीनदा, न सांगता. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले: तिन्ही वेळा जवळजवळ सारखे गुण देणारे परीक्षक दहातला एक. म्हणजे झाकलेल्या बाटलीपुढचं न्यायालय निःपक्षपाती असतं, पण त्याचा निकाल दर सुनावणीला बदलू शकतो.

डोंगरावरच्या न्यायालयात याच्या उलट स्थिती. तिथे काहीच झाकलेलं नसतं. समोर बाग दिसते, मागे पिंपांचा वास असतो, आणि पेल्यात ओतणारी व्यक्ती छोट्या ठिकाणी बहुतेकदा तीच असते जिने हिवाळ्यात वेल छाटलेले असतात. हाताला भेगा, नखांत जांभळा डाग. अशा माणसासमोर 'ही काही जमली नाही' म्हणायला फार कोडगेपणा लागतो. काउंटरवर पिकदाणी ठेवलेली असते, व्यावसायिक चाखणारे तिच्यात थुंकतात, आणि त्यात काही अपमान नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी कोणाच्या वर्षभराच्या श्रमावर त्याच्यासमोर थुंकायचं ही गोष्ट मराठी मनाला सहज जमत नाही. आपण गिळून टाकतो, आणि तिसऱ्या पेल्यानंतर आपलं मत आणखीच उदार होतं.

शिवाय पैसा. 2008 सालीच कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला: एकच कॅबर्ने, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून. नव्वदवाली लोकांना जास्त आवडली, एवढंच नाही, मेंदूतला सुखाशी निगडित भागही जास्त जागा झाला. माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखरच जास्त सुख झालं होतं. मग डोंगर, ऊन, मालकाचा चेहरा आणि चार तासांची सुटी या सगळ्याने पेल्यातल्या सुखात किती भर पडत असेल!

यावरून शहाणी माणसं असा निष्कर्ष काढतात की वाइनरीला भेट देणं म्हणजे स्वतःला फसवून घेणं. मला हे पटत नाही. मैफलीला पुढे बसून ऐकलेल्या यमनाचं ध्वनिमुद्रण घरी ऐकताना फिकं वाटतं म्हणून मैफल ही फसवणूक होती असं कोणी म्हणत नाही. फसवणूक होते ती मैफलीत मिळालेली दाद ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर छापतो तेव्हा. डोंगरावर ठरवलेली किंमत बाटलीला चिकटवून घरी आणायची, आणि मग मित्रांपुढे ती उघडून त्यांच्या चेहऱ्यावर तोच डोंगर शोधत बसायचं, हा आपला दोष.

मला तर वाटतं, भेटीच्या वेळी न्यायनिवाड्याच्या फंदात पडूच नये. तिथे कळू शकते ती एक वेगळीच गोष्ट: निर्णय. तोडणी आठवडाभर लांबवली ती का, उताराच्या वरच्या तुकड्याचा माल वेगळा का ठेवला, कोणतं पिंप यंदा बाहेर काढलं. मॉन्टे बेलोवर वेगवेगळ्या तुकड्यांची वाइन वेगवेगळी ठेवतात आणि त्यातलं काय मुख्य वाइनमध्ये जाईल हे ठरवताना तुकड्यांची नावं झाकून चाखतात. बनवणाऱ्यांना स्वतःच्या लाडक्या उताराचा मोह होतो हे ते जाणतात. 2011 च्या हंगामापासून त्यांच्या लेबलवर वाइनमध्ये काय काय घातलं आहे त्याची यादीही असते. बिस्किटाच्या पुड्यावर जे आपण गृहीत धरतो ते अमेरिकेतल्या वाइनच्या बाटलीवर अजून अपवाद आहे. रिज आता छोटी राहिलेली नाही, 1986 पासून ती एका जपानी औषध कंपनीच्या मालकीची आहे. पण आजूबाजूच्या वळणांवर दोन-चार माणसांच्या कितीतरी वाइनऱ्या आहेत, आणि त्यांच्याकडे हेच प्रश्न विचारले तर उत्तर देणाऱ्याला आत कोणाला विचारायला जावं लागत नाही.

त्यांच्या आतिथ्याला व्यवहाराची बाजू आहे, आणि तीत लपवण्यासारखं काही नाही. 1933 मध्ये दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत बहुतेक राज्यांनी उत्पादक, वितरक, दुकानदार अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था घातली. काही शे पेट्या वाइन करणाऱ्याला वितरक उभं करत नाही, आणि केलं तरी दोघांचे वाटे वजा जाता हातात फारसं उरत नाही. दारात आलेल्या पाहुण्याला विकलेली बाटली तेवढी पूर्ण किमतीची. म्हणून चाखायचे पैसे घेतात आणि बाटली घेतली तर बहुधा माफ करतात. पाहुण्याने घोटाचे पैसे मोजायचे ही कल्पना आपल्या आईवडिलांना विचित्र वाटते. पैसे मोजले तर मात्र न आवडलेली वाइन न घेता निघायचा हक्क मिळतो. फुकट पाजलं असतं तर तोही गेला असता.

हे चाखण्याचं दालन नाशकात आलं त्याचा धागा मॉन्टे बेलोच्या पायथ्याच्या खोऱ्यातून जातो. राजीव सामंत स्टॅनफर्डमध्ये शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि परत येऊन गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी द्राक्षं लावली. त्यांच्या 'सुला' वाइनरीची पहिली वाइन 2000 सालची. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून करात मोठी सवलत दिली, आणि 2005 मध्ये सुलाने लोकांना येऊन चाखायची सोय केली. त्यानंतर गंगापूरच्या काठावर यॉर्क, कावनईजवळ मुकणे धरणाच्या बाजूला व्हॅलोने अशा आकाराने लहान वाइनऱ्याही उभ्या राहिल्या. शनिवारी मुंबईची गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला येते ती आता भाताची खाचरं बघायला थांबत नाही.

दालन आलं. त्यामागचे प्रश्न मात्र तितकेसे आले नाहीत. सह्याद्रीच्या या उतारावर वेल झोपत नाही, थंडी तेवढी पडतच नाही. म्हणून इथे वर्षात दोन छाटण्या: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. पहिलीनंतरच्या उन्हात काडीत सूक्ष्मघडनिर्मिती होते. पुढच्या जानेवारी-मार्चमध्ये तोडायचा घड असा मे-जूनमध्येच ठरलेला असतो. फ्रान्समधला माणूस हे ऐकून थक्क होतो. जगातल्या फार थोड्या वाइनप्रदेशांकडे सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. पण पाहुण्याला दाखवतात ते काय, तर ओकची पिंपं, द्राक्षं तुडवायचा टब आणि सेल्फीसाठी झुलता पाळणा. ज्याच्या बागेतून माल आला तो करारावर द्राक्ष देणारा शेतकरी त्या दालनात दिसत नाही, त्याच्या गावाचं नावही बहुधा निघत नाही. आणि डावणी, भुरी हे वेलीचे रोग, ऐन गोडी भरताना आलेला अवकाळी पाऊस, यांतलं काहीही त्या खोलीत उच्चारणं जणू अशुभ आहे. चव इंग्रजी फळांच्या नावांनी सांगितली जाते, आणि समोरचा जांभूळ-करवंदं खाऊन वाढलेला माणूस मान डोलावतो.

एखाद्या छोट्या वाइनरीने एवढं करून पाहावं असं मला फार वाटतं. एकाच बागेतल्या दोन वर्षांच्या वाइन्स शेजारी शेजारी ओताव्यात, एक चांगल्या वर्षाची आणि एक पावसाने मार खाल्लेली. दोन्हींची तोडणी कधी झाली ते सांगावं, आणि बागेच्या मालकाला त्या वर्षी किलोमागे काय भाव मिळाला तेही. ओळखीच्या एका उत्पादकापुढे मी हे बोलून पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, वाईट वर्षाची बाटली तुम्ही घेणार आहात का? मी म्हटलं, एक घेईन. त्याने सांगितलं की पेटी घेतलीत तर विचार करू.