गोळी तीच

कल्याणहून मलंगगडाच्या रस्त्याला लागलं की आता दोन्ही बाजूंना इमारती दिसतात. माझ्या लहानपणी तिथं खाचरं होती. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. जमिनी गेल्या, पैसा आला आणि पैशाबरोबर बाटली आली, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. दारू आमच्याकडं आधीपासून होती. हळदीला होती, बारशाला होती. पैसा आल्यावर ती रोजची झाली, एवढंच. माझा धाकटा भाऊ त्यातच सापडला.

आम्ही आधी सगळं बोलूनच बघितलं. आईनं देवीसमोर शपथ घ्यायला लावली. मी दोनदा हात उगारला. एका आषाढीला त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि त्यानंही मनापासून दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, पेला धरता येईना. तिसऱ्या रात्री भिंतीवर विंचू चढताहेत म्हणून तो ओरडत उठला. आम्ही भगत आणला. भगतानं बाहेरचं आहे म्हणून उतारा काढला. शेवटी कुणीतरी अर्धा ग्लास पाजला आणि तो शांत झोपला. माळ खुंटीला लागली. गाव म्हणालं, याच्यात दमच नाही. मीही तेच म्हणालो.

मग १९९९ चा उन्हाळा आला. लोकलच्या डब्यात तेव्हा कागद चिकटवलेले असत, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवून देतो अशा मजकुराचे. ते मी रोज वाचत होतो. एका ओळखीच्यानं सांगितलं, कागदावरच्या पुडीपेक्षा डॉक्टर देतात ती गोळीच आण, वरणात चुरून घाल. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. एका दुकानातून मला ती चिठ्ठीशिवाय मिळाली. मी ती भावाच्या बायकोच्या हातात दिली. तिनं एकदाच विचारलं, “दादा, काय होनार तर नाय ना?” मी म्हणालो, “नाय.” मला ठाऊक काहीच नव्हतं.

आठवड्यानं गावात हळद होती. धाकटा तिथं प्यायला. पाव तासात त्याचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि तो मांडवाच्या खांबाला धरून खाली बसला. बँजो वाजतच होता. कल्याणला दवाखान्यात नेईपर्यंत त्याचा रक्तदाब इतका उतरला होता की तिथल्या डॉक्टरनी आम्हाला बाहेर बसवलं. रात्री त्यांनी मला बोलावून विचारलं, “काही औषध चालू होतं का?” मी सांगितलं. त्यांनी पुढं विचारलं, “त्याला माहीत होतं का?” या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

धाकटा वाचला. शुद्धीवर आल्यावर माझ्याकडं बघून म्हणाला, “दादूस, तू मना इख दिलंस?”

ती गोळी काय करते हे मला नंतर कळलं. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी एका विषारी पदार्थात रूपांतर होतं आणि मग त्या विषाचा निचरा होतो. ही गोळी दुसरी पायरी अडवते. खाचरात पाणी येत राहावं आणि मोरी मात्र कुणी बुजवावी, तसं विष साठत जातं. गोळी खाल्ली आणि प्यायलाच नाही, तर असं काही होत नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये रबर उद्योगातल्या कामगारांना दारू सोसेना, हे तिथल्या एका डॉक्टरनं टिपून ठेवलं होतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याच जातीचा हा पदार्थ जंतांवरचं औषध म्हणून स्वतःवर तपासला. नंतर दारू घेतल्यावर तेही आजारी पडले. १९४८ मध्ये त्यांनी तो दारू सोडवण्यासाठी पुढं आणला. ज्याचं हृदय किंवा यकृत कमजोर आहे, त्याला ही गोळी धोक्याची. म्हणून आधी तपासण्या करायच्या असतात. मी तपासलं होतं फक्त घरचं वरण.

पुढं त्याला ठाण्याला न्यायचं ठरलं, तर तो बिथरला. आमच्या भागात ‘ठाण्याला नेलं’ याचा अर्थ एकच. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे शंभर वर्षांची ती भीती. “मी काय येडा हाय?” असं तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच. तिथं येणारे वेडे नसतात, आपल्यासारखेच अडकलेले असतात. ठाण्यातही डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था १९९० पासून मनाच्या आजारांचं काम करत होती. या विषयावर बोलायची लाज हळूहळू कमी होत होती. आमच्या घरात मात्र ती पुष्कळ शिल्लक होती.

ठाण्याच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी उपदेश केला नाही. दारू एकदम तोडल्यावर मेंदू बिथरतो, फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो, म्हणून पहिले काही दिवस थरथर आवरणाऱ्या गोळ्या आणि ‘बी-वन’ जीवनसत्त्व. भिंतीवरचे विंचू मला तेव्हा समजले. ती बाहेरची बाधा नव्हती आणि दम नसणंही नव्हतं. माळ घालून आम्ही त्याला मरणाच्या दारात उभं केलं होतं. औषधाशिवाय नुसतं बोलणं किती घातक होऊ शकतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

हात स्थिर झाल्यावर बोलणं सुरू झालं. कधी त्याच्या एकट्याशी, कधी आम्हा सगळ्यांशी, कधी त्याच्यासारख्या दहा-बारा जणांत बसून. महिन्याभरानं डॉक्टरांनी तीच गोळी काढली. धाकटा ती ओळखून होता. डॉक्टरांनी गोळीचं सगळं काम त्याला समजावलं, खोकल्याच्या कुठल्या औषधातही दारू असू शकते ते सांगितलं, कागदावर सही घेतली आणि रोज सकाळी बायकोसमोर घ्यायला सांगितलं. त्यानं ती घेतली.

गोळी तीच होती. तरी ती वेगळी होती, ती का, यावर मी बरीच वर्षं विचार करतो आहे.

गावात पारावर वाद व्हायचा. एक जण म्हणायचा, गोळीच्या भीतीनं सोडली तर त्यात त्याचं काय कर्तृत्व? सुटायचं तर मनानं सुटावं. मी विचारायचो, मग माळ कशाला घालता? माळही बाहेरचीच आहे. मोहाच्या वेळी हात अडावा म्हणून माणूस आपणच ती गळ्यात घालून घेतो, तर तिला आपण भक्ती म्हणतो. गोळीला मात्र कमजोरी म्हणतो. या गोळीचा असर शेवटची घेतल्यापासून दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे आज प्यावंसं वाटलं तरी आज पिता येत नाही, आधी गोळी सोडून थांबावं लागतं. तल्लफ आणि ग्लास यांच्यात इतके दिवस येतात. त्या दिवसांत डॉक्टरांकडं जाता येतं, बायकोशी बोलता येतं, शेतावर चक्कर मारता येते. सकाळी शुद्धीत असलेला माणूस संध्याकाळच्या स्वतःसाठी बांध घालून ठेवतो. याला मी कमजोरी म्हणणार नाही.

पण हा बांध त्याचा त्यानं घातलेला असला पाहिजे. मी वरणात घातला तो सापळा होता. आज तल्लफ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. गर्दवाल्यांसाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन आहे. औषधं वाढली, सुरक्षित झाली, तरी मला पडलेला प्रश्न तोच राहतो. औषध कुणाच्या हातानं घेतलं, आणि त्याआधी त्याच्याशी कुणी बोललं का?

रोज मार खाणारी बाई नवऱ्याच्या चहात काही मिसळते, तर तिला नीती शिकवायला मी कोण? तिच्याकडं दुसरा मार्ग नसतो. पण माझ्याकडं होता. मी थोरला भाऊ. मी त्याच्यासमोर बसून विचारू शकत होतो की तुला रात्री कशाची भीती वाटते, जमिनीचे पैसे संपले याची लाज वाटते का? हे मी एकदाही विचारलं नाही. मी शपथा घालायला लावल्या, हात उगारला आणि सगळं संपल्यावर गोळी आणली. त्याच्याशी बोलायला लागू नये म्हणून आणली, हे आज कबूल करतो.

वाट सरळ नव्हती. पहिल्या दोन वर्षांत तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा आधी गोळी चुकवायला लागला होता. बायकोच्या ते लक्षात आलं, तरी तिनं वरणात काही घातलं नाही, त्याला ठाण्याला घेऊन गेली. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी कमी करत बंद झाली. बैठकीला जाणं चालूच राहिलं. आता वीस वर्षं होऊन गेली, त्यानं घेतलेली नाही.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. दवाखान्यातून आल्यापासून धाकटा आपला चहा आपणच करतो. दारू सुटली, भांडणं मिटली, नातवंडं आली, तरी घरात कुणी वरण वाढलं की पहिला घास घेण्याआधी तो क्षणभर थांबतो. त्याला ते कळतही नसेल. मला कळतं. व्यसनानं त्याचं पुष्कळ नेलं, पण हा थांबलेला घास दारूचा नाही, माझा आहे.

सकाळी मी त्याच्या ओट्यावर जातो. तो दोघांचा चहा करून आणतो. मी पितो.