दिलेली खिडकी

आजचे श्लोक : गीता, अध्याय १७, श्लोक २० आणि २१.

द्यायला हवं म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य वेळी दिलं ते सात्त्विक दान. काहीतरी मिळेल या हिशेबाने किंवा मनाला क्लेश करून घेत दिलं ते राजस. पूर्वी वाचताना वाटायचं, आपण कुठे कर्ण लागून गेलो, हे आपल्यासाठी नाहीच. आज मात्र फ्रँकफर्ट ते सॅन फ्रान्सिस्कोची फ्लाइट आठवली.

विंडो सीटच्या बाबतीत मी जरा वेडाच आहे. जून महिना, दुपारचं उड्डाण, साधारण साडेअकरा तास. सपाट नकाशावर हा रस्ता उगाच उत्तरेला वाकलेला दिसतो, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तोच जवळचा. आणि तो बऱ्याचदा ग्रीनलँडवरून जातो. पश्चिमेला जाताना दुपारचा सूर्य डावीकडे, म्हणजे दक्षिणेला राहतो. म्हणून मी उजवी बाजू घेतली, काचेवर तिरीप नको. रांग पंखाच्या पुढची, कारण मागे बसलं की पंख आडवा येतो आणि इंजिनाच्या गरम हवेमुळे खालचं थरथरताना दिसतं. त्यासाठी जादा पैसे भरले. ऑफिसात चार जणांना सांगूनही झालं होतं.

शेजारी मधल्या सीटवर एक काकू. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या, पहिलाच परदेश प्रवास, मुंबईहून रात्रभर जागून आलेल्या. म्हणाल्या, "बाळा, मला खिडकीशी बसू देशील का रे?"

दिली. खरं सांगतो, देताना फार छान वाटलं. इतकं छान वाटलं, तिथेच शंका यायला हवी होती.

जेवण झालं, केबिनचे दिवे मंद झाले. काकूंनी खिडकीची झडप खाली ओढली, शाल गुंडाळली आणि भिंतीला डोकं टेकून झोपल्या. समोरच्या स्क्रीनवर आमचं छोटं विमान ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर पोचलं. खाली फिओर्ड असणार, बर्फातून डोकं वर काढणारे काळे डोंगर असणार, पुढे आत कुठे कुठे तीन किलोमीटरहून जाड असलेला बर्फ. आणि मी बघत होतो ती प्लास्टिकची झडप, हातभर अंतरावर.

बघायचं नव्हतं तर मागितली कशाला, असं मनात आलं. एकदा नाही, तासभर येत राहिलं. झडप बोटभर वर करावी म्हणून हात अर्धा पुढे गेलासुद्धा. म्हणजे सीट मी दिली होती, खिडकी माझ्याकडेच ठेवली होती. फाइल शेअर करायची, पण ॲडमिनचे हक्क सोडायचे नाहीत, तसं. हात मागे घेतला, त्यातही काही मोठेपणा नव्हता. त्या जाग्या झाल्या तर काय सांगणार, एवढंच.

कॅनडावर कुठेतरी त्या उठल्या. झडप वर करून म्हणाल्या, "अगंबाई, अजून दिवसच?" मग माझ्याकडे वळून, "बरं झालं बाबा तू उठलास ते. मधे बसलं की दोन्हीकडून परकी माणसं, जीव घुसमटतो. इथे टेकायला भिंत तरी आहे."

त्यांना नजारा नकोच होता. भिंत हवी होती.

माझं दान राजस, यात वादच नाही. पण मग कुढत देण्यापेक्षा सरळ 'नाही' म्हणावं का? तेच जास्त प्रामाणिक, असं मला बरेच दिवस वाटत होतं. आता वाटत नाही. श्लोक देणाऱ्याच्या मनाचं सांगतो. काकूंच्या झोपेत माझ्या कुढण्याने काहीच कमी पडलं नाही. मन स्वच्छ होईपर्यंत थांबलो असतो तर त्या अकरा तास मधे ताटकळल्या असत्या, आणि मी आपला खिडकीशी बसून चिंतन करत! हिशेब चुकला तो माझा, तो मी सोडवत बसेन.

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. सीट निवडून झाली, उजवीकडची, पंखाच्या पुढची. ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही.