अवघडपणाचे पुण्य

जे अवघड ते अधिक पवित्र, अशी आपल्या मनाची एक जुनी समजूत आहे. पायी केलेली वारी गाडीतून केलेल्या यात्रेहून श्रेष्ठ, निर्जळी एकादशी फराळाच्या एकादशीहून श्रेष्ठ, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण ती कोठवर खरी आहे, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो एका अगदी अनपेक्षित निमित्ताने : खिशात मावेल एवढ्या पिस्तुलाने पाखरे टिपण्याच्या छंदाविषयी वाचताना.

हा छंद अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ अरण्यांतला. तेथे ग्राउझ नावाचा पक्षी असतो. आपल्या तितराच्याच कुळातला. हंगामात रानात भटकायला निघालेला मनुष्य स्वसंरक्षणासाठी कमरेला आखूड पिस्तूल बाळगतो आणि वाटेत फांदीवर ग्राउझ दिसला, तर त्याच पिस्तुलाने त्याच्यावर नेम धरतो. तेथील काही राज्यांचे कायदे याला अनुमती देतात. मात्र बदके, होले यांसारख्या स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर पिस्तूल चालविण्यास संघराज्याच्या नियमांनी मनाई आहे. ग्राउझची एक जात तर माणसाला पाहूनही चटकन उडत नाही. आपल्या पिसांचा रंग आपल्याला लपवील, या भरवशावर ती निश्चल बसून राहते. लोकांनी तिला ‘खुळी कोंबडी’ असे नाव देऊन ठेवले आहे.

पिस्तूलवाल्याचे म्हणणे असे, की त्याची शिकार अधिक न्याय्य आहे. छऱ्याच्या बंदुकीच्या एका बारात तीनशेहून अधिक छर्रे असू शकतात; ते पसरत जातात आणि नेमातली चूक पोटात घालतात. पिस्तुलातून सुटते ती एकच गोळी. ती लागली तर लागली, नाहीतर पक्षी उडून गेला. आपण होऊन आपले बळ कमी केले, म्हणजे सामना बरोबरीचा होतो, असा हा युक्तिवाद आहे.

तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने १९४२ साली शिकारीवर एक दीर्घ निबंध लिहिला. शस्त्रे जसजशी सुधारत गेली तसतसा खरा शिकारी स्वतःवर मर्यादा घालून घेऊ लागला, कारण सावजाला निसटण्याची संधीच उरली नाही तर ती शिकार राहत नाही, असा विचार त्याने त्यात मांडला आहे. या विचाराचे मोल कळायचे असेल, तर त्याची उलट बाजू पाहावी. राजस्थानात नेमणुकीवर असताना भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मी ती पाहिली. पूर्वी तेथे झालेल्या शिकारींच्या नोंदी एका दगडावर कोरलेल्या आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. त्या आकड्यासमोर उभे राहिल्यावर, एका गोळीने एक पक्षी टिपू पाहणारा मनुष्य जवळजवळ संयमी वाटू लागतो.

तथापि ‘जवळजवळ’ या शब्दाशी थांबले पाहिजे.

पिस्तूल आखूड असल्याने त्याच्या नेमाच्या दोन खुणांमधले अंतर फार थोडे, सुमारे तेरा सेंटीमीटर असते. त्या खुणा एकमेकींशी जुळविताना केवळ एक मिलिमीटरची चूक झाली, तर पंधरा मीटरवर गोळी अकरा सेंटीमीटरांहून अधिक बाजूला जाते. मांस नासू नये म्हणून नेम धरायचा तो डोक्यावर किंवा मानेवर. आणि ते डोके एखाद्या लिंबाएवढे. अकरा सेंटीमीटरांची चूक नेहमीच मोकळ्या हवेतून जाते असे नाही. ती कधी पंखात शिरते, कधी पायात, कधी पोटात. तसा पक्षी झुडपात पडतो आणि पुष्कळदा सापडत नाही. म्हणजे अवघडपणा पत्करला शिकाऱ्याने, पण त्याची किंमत चुकविली पाखराने. शिकाऱ्याची हानी एवढीच, की त्या रात्री त्याच्या ताटात मांस नव्हते.

जुन्या इंग्रजी शिष्टाचारातही हीच गफलत दडलेली आहे. बसलेल्या पक्ष्यावर बार टाकणे हे सभ्य गृहस्थाला न शोभणारे; त्याने उडत्या पक्ष्यावरच नेम धरावा, असा तो दंडक. पाणलाव्याला इंग्रजीत स्नाइप म्हणतात. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज सैनिक या नागमोडी उडणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यामागे लागत. ‘स्नायपर’ हा शब्द त्यातूनच निघाला. पण उडता पक्षी घायाळ होऊन निसटण्याचा संभव अधिक, तर बसलेला जागच्या जागी मरण्याचा संभव अधिक. खेळाचा न्याय आणि पाखराचा न्याय येथे एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. खेळाचा न्याय विचारतो, ‘तू किती कौशल्य दाखविलेस?’ पाखराला, त्याला बोलता आले असते तर, एवढेच विचारायचे असते, ‘मला किती वेळ तडफडावे लागेल?’

आमच्याकडचा फासेपारधी तितरासाठी फासे लावी आणि पाळीव तितराच्या सादेने रानातल्या तितराला बोलावून आणी. त्यात बरोबरीचा सामना नव्हता. असल्याची बतावणीही नव्हती. पोटासाठी पक्षी हवा होता, तो सोप्यात सोप्या रीतीने धरला. मौजेसाठी बंदूक उचलणाऱ्यांच्या राज्यात पारध्यांना गुन्हेगार जमातींच्या यादीत घालण्यात आले आणि मौजेला मात्र नियमांचे मखर मिळाले, हा विरोध मला नेहमी बोचत आला आहे.

हे सारे मी त्रयस्थाच्या अलिप्तपणाने लिहू शकत नाही. लहानपणी माझ्याजवळ बेचकी होती. बसल्या पाखराला कोणीही मारील, अशी आम्हा मुलांची फुशारकी असे; म्हणून मी एकदा कुंपणावरून उठलेल्या होल्यावर खडा सोडला. तो लागला. होला निवडुंगाच्या जाळीत पडला आणि काट्यांमुळे मला त्याच्यापर्यंत पोहोचता आले नाही. पंखांची फडफड बराच वेळ ऐकू येत होती. सोबती माझ्या नेमाची वाहवा करीत होते. तो नेम खरोखरच अवघड होता. आणि त्याचे मला आजतागायत पुण्य वाटलेले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आता व्यवहारात उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने मौजेच्या शिकारीची परवान्याची वाटही बंद केली. परंतु ज्या वृत्तीने शिकारी स्वतःला न्यायी समजतो, ती केवळ रानात राहत नाही. आपण परप्रांतांत अधिकारपदांवर बसणारी माणसे. स्वतःवर कडक नियम लादून घेण्याचा आपल्याला अभिमान असतो. ‘मी सवलत घेत नाही, म्हणून देतही नाही’ असे म्हणताना आपण ताठ बसतो. पण त्या ताठपणाचा भार कोणावर पडतो? एका शेऱ्यासाठी तिसऱ्यांदा पन्नास कोस चालून आलेल्या म्हातारीला आपल्या कडकपणाचे कौतुक कसे वाटावे? व्रत आपले आणि उपास तिचा, असा तो प्रकार होतो.

तेव्हा संयमाची कसोटी अवघडपणा ही नव्हे. त्याचा भार कोण उचलतो, ही कसोटी होय. त्या अमेरिकन रानातही असा शिकारी असणारच, जो पक्षी अगदी जवळ असल्यावाचून आणि हात स्थिर असल्यावाचून चाप ओढीत नाही, आणि शंका येताच पिस्तूल पुन्हा म्यानात ठेवून पुढे चालू लागतो. त्याच्याविषयी मला आदर वाटतो. पण तो त्याच्या पिस्तुलाच्या आखूडपणामुळे नव्हे, तर न झाडलेल्या गोळीमुळे. भरतपूरच्या दगडावर पडलेल्या पाखरांची संख्या कोरलेली आहे. न झाडलेल्या गोळ्यांची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि ती ठेवली जावी अशी अपेक्षाही तसल्या माणसाने धरू नये.