नाळेवरची बाई, कागदावर

महामंदीच्या काळात अमेरिकेच्या सरकारने बेकार चित्रकारांना एक चमत्कारिक काम दिलं. स्वतःचं काही काढायचं नाही. देशातल्या जुन्या कारागिरीची हुबेहूब चित्रं करायची. रंगीत छायाचित्रण तेव्हा महाग आणि बेभरवशाचं होतं, म्हणून बहुतेक चित्रं जलरंगात झाली. १९३५ ते १९४२ या काळातल्या ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ची ही सुमारे १८,००० चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. त्यांत गोधड्या आहेत, खेळणी आहेत, आणि शिडाच्या जहाजांच्या नाळेवर बसवत त्या लाकडी मूर्तीही.

ही नुसती नक्कल, असं म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. लाकडी गालावर चमक कुठे हवी, हे कुंचला टेकवण्याआधीच ठरवावं लागतं. मागाहून सारवासारव नाही. शिवाय इथे रंगवायचं आहे ते लाकडावरचा रंग, त्याचे उडालेले पोपडे, त्याखालून डोकावणारा आधीचा थर आणि गळ्यापासून छातीपर्यंत गेलेली भेग. सुतार ती भेग लांबी भरून बुजवील. चित्रकार तिला नाकाडोळ्यांइतकाच मान देतो. या संयमाला कला म्हणायचं नाही तर कशाला?

तरी ही चित्रं पुरती खरी नाहीत. मूर्ती कोरली ती धक्क्यावरून, दुरून, मान वर करून बघायला. म्हणून तर छाती पुढे आणि वस्त्राच्या चुण्या ढोबळ. कागदावर ना जहाज ना पाणी. कोऱ्या पांढऱ्यावर बाई पुढे झुकलेली, आणि का झुकली याचा पत्ता नाही. (जहाजावरच्या खलाशांना तरी तिचा चेहरा कुठे दिसत होता म्हणा!)

अशी मूर्ती जहाजावरच बघायचीही सोय आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही नौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे आणि तिच्या नाळेवर फेटेवाला पुरुष आहे. तिथे धक्क्यावर उभं राहिलं की त्या झुकण्याचा अर्थ लागतो. पण तेवढ्या अंतरावरून लाकडाच्या रेषा काही वाचता येत नाहीत. मला निवडायला सांगितलं, तर मी कागद निवडेन. झुकण्याची कल्पना मनाने करता येते, भेगेची नाही.