उस्तादांची परीक्षा

हाटपिपल्याच्या बाजारातून जरा आत वळलं की दोन खोल्यांचं एक शिक्षण केंद्र होतं. छोट्या संस्थेचं, पत्र्याच्या छपराचं. तिथं मुलं मोटर भरायला शिकत. बोअरच्या, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या जळालेल्या मोटरी दारात ओळीनं पडलेल्या असत. माळव्यातला गहू-हरभरा मोटरीच्या पाण्यावर उभा राहतो, आणि मोटर नेमकी पाण्याच्या पाळीलाच जळते. त्यामुळे हाताला काम कमी पडत नसे.

शिकवायला एक उस्ताद होते. लहानपणी ते देवासला एका दुकानात जुन्या तारा सोलायला बसले आणि सोलता सोलता शिकले. 1961च्या कायद्यानं कारखान्यातल्या शिकाऊ मुलांना करार मिळाला, पुढं कागदही मिळाला. दुकानात शिकलेल्यांच्या पदरात काही पडलं नाही. उस्तादांकडे एकही प्रमाणपत्र नव्हतं. मोटर नुसती हातानं फिरवून तिची बेअरिंग कुठं घासते ते मात्र ते सांगत.

संस्थेचं कामकाज एक बाई पाहत. त्या निवृत्त शिक्षिका. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पाती या दोन संस्थानांच्या काळात माळव्यात येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी एका घरातल्या. हिशेब मराठीत लिहीत, मुलांना दमही मराठीत भरत, बाकी सारं हिंदीत.

केंद्राला मान्यता हवी होती. मान्यतेसाठी लेखी धोरण आणि कार्यपद्धती लागते असं कळलं. विश्वस्तांपैकी एकानं इंदूरहून एक तयार फाइल आणली. जाडजूड, इंग्रजी, छान बांधलेली. पहिल्या पानावर केंद्राचं नाव टाकलेलं होतं, आत दोन-तीन ठिकाणी भलत्याच संस्थेचं नाव राहून गेलं होतं. एका प्रकरणात लिफ्टच्या देखभालीचे नियम होते. केंद्राला जिनासुद्धा नव्हता. तपासणीला आलेल्यांनी फाइलची जाडी पाहिली, सही केली आणि चहा घेतला. फाइल कपाटात गेली.

वर्ष सरलं. परीक्षा झाली. उस्तादांनीच शिकवलं होतं, उस्तादांनीच तपासलं. टेबलावर मोटर भरायची, सिरीजचा बल्ब लावून पाहायचा, झालं. ज्याचं थोडं कच्चं होतं त्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, “बसेल हात हळूहळू.” सगळे पास झाले. बाईंना आनंद झाला, मुलांच्या घरी पेढे वाटले.

त्या मुलांत एक फार चटपटीत होता. त्यानं बाजारात दुकान टाकलं आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं. ते पाहून जवळच्या खेड्यातल्या एका पटेलांनी बोअरची मोटर त्याच्याकडे भरायला दिली. गहू पेरून तीन आठवडे होत आले होते. पहिलं पाणी 21व्या दिवसाच्या आसपास मिळालं नाही तर फुटवा कमी येतो, हे तिथलं पोरही जाणतं. मोटर 300 फूट खाली सोडली. शेतीची वीज रात्री आली, मोटर चालली, आणि पहाटेच्या आत बंद पडली.

पटेलांनी पुन्हा चेनपुली आणली, पुन्हा माणसं लावली, एकेक पाईप खोलत मोटर वर काढली. ती ट्रॉलीत घालून ते थेट केंद्रात आले.

“प्रमाणपत्र तुमचं आहे,” ते म्हणाले. “मी कोणाला विचारायचं?”

बाईंनी कपाट उघडलं. फाइलमध्ये तक्रारीचं प्रकरण होतं. तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या विभागीय संचालकांकडे द्यावी, असं त्यात होतं. बाईंनी फाइल मिटली आणि पटेलांना पाणी दिलं.

उस्तादांनी मोटर उघडायला लावली. मुलगा बोलावल्यावर आला, मान खाली घालून उभा राहिला. एका स्लॉटातला कागद तोकडा पडला होता. तिथं तारेवरचं आवरण सोललं होतं, पाणी आत शिरलं होतं. उस्तादांनी विचारलं, “भरून झाल्यावर पाण्यात बुडवून मेगर लावला होतास?” मेगर म्हणजे तारेच्या आवरणातून वीज गळते का ते मोजायचं यंत्र.

“नाही.”

“का नाही?”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आपल्या परीक्षेत कुठं लावला होता, उस्ताद?”

खोलीत कोणी काही बोललं नाही. उस्तादांनी चष्मा पुसला. ती मोटर त्यांनी स्वतः भरली, रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी मेगर लावला आणि पटेलांकडून पैसे घेतले नाहीत. पटेलांचं पाणी चार दिवस उशिरा गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवसापासून बाई एक कोरी वही घेऊन कामाच्या टेबलाशी बसू लागल्या. कोण काय करतं ते लिहीत. तार कोण मोजतं, हजेरी कोण घेतं, मेगर कोणाच्या कुलपात असतो, मोटर बिघडली तर मुलाला कोण सांगतं. महिनाभर त्यांनी एकही नियम लिहिला नाही, नुसतं पाहिलं. विश्वस्त म्हणाले, “फाइल आहे की आपल्याकडे.” बाई म्हणाल्या, “लिफ्ट आणा, मग ती फाइल वापरू.”

मग त्यांनी सगळ्यांना बसवलं. उस्ताद, मुलं, तार विकणारा दुकानदार, आणि पटेलही. पटेल म्हणाले, “मला यातलं काय कळतं?” बाई म्हणाल्या, “तुमचं पीक होतं. तुम्हीच आधी बोला.”

पटेल बोलले. जो शिकवतो त्यानंच पास केलं तर बाहेरच्यानं विश्वास कशावर ठेवायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. उस्तादांना ते लागलं. पण त्यांनीच मान हलवली. “माझ्याच पोराला नापास करताना माझा हात अडखळतो,” ते म्हणाले. “लिहा बाई. शिकवणाऱ्यानं तपासायचं नाही.”

एका मुलीनं हात वर केला. परीक्षा पाचच्या पुढं गेली की तिची गावाकडची शेवटची बस जाते, म्हणून ती घाईत वार्निश न वाळवताच मोटर देऊन टाकते. ते लिहिलं गेलं. एका मुलाला मागच्या पावसाळ्यात शॉक बसला होता. स्टार्टर बंद होता, पण मेन कोणीतरी चालू केला होता. उस्तादांनी तो नियम स्वतः सांगितला: जोडणीला हात लावण्याआधी मेन बंद करायचा, तिन्ही फ्यूज काढायचे आणि आपल्याच खिशात ठेवायचे. दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत.

नापास झालेल्याचं काय, यावर वाद झाला. विश्वस्त म्हणाले, एकदा नापास म्हणजे नापास. उस्तादांनी नृसिंहाची आठवण करून दिली. डोल ग्यारसीला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, हाटपिपल्याचा नृसिंह भमोरी नदीवर नेतात. दगडी मूर्ती पाण्यावर सोडतात, ती तरंगते, आणि तिच्या तरंगण्यावरून लोक पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतात. “देवाला तीनदा सोडतात,” उस्ताद म्हणाले, “आणि घाटावरच्या सगळ्यांच्या देखत सोडतात. आपल्या पोरांना एकदाच, तेही दार लावून?” यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. तीन संधी ठरल्या. परीक्षा उघड्या दारानं घ्यायची ठरली. कुठं चुकलं ते मुलाला त्याच दिवशी, मोटर समोर ठेवून सांगायचं ठरलं. निकाल पटला नाही तर मुलानं बाईंकडे यायचं, आणि तक्रार बाईंबद्दलच असेल तर पटेलांकडे जायचं. पटेल दचकले, पण हो म्हणाले.

शेवटी अकरा पानं झाली. मुलांना वाचता यावीत म्हणून ती हिंदीत लिहिली. प्रत्येक नियमाखाली तो का केला ते एका ओळीत लिहिलं. ‘पाण्यात बुडवून मेगर लावावा, किमान 1 मेगओहम यावा’, या ओळीखाली लिहिलं होतं: ‘पटेलांच्या गव्हाचं पहिलं पाणी चुकलं.’ अशी वही मी दुसरी पाहिलेली नाही. नियमाचं कारण वाचता आलं की तो पाठ करावा लागत नाही.

काही दिवसांनी नवी अडचण आली. शिकवणाऱ्याकडेही प्रमाणपत्र हवं असा निरोप आला. 2015मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, शाळेबाहेर शिकून ज्यांचा हात तयार झाला आहे अशांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय होती. उस्तादांनी अर्ज केला. त्या वयात त्यांना थोडी लाज वाटत होती, पण अर्ज केला.

परीक्षक बाहेरून आला. दारातून आत येताच त्यानं उस्तादांचे पाय धरले. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो त्यांच्याकडेच तार सोलायला बसायचा. बाईंचा जीव भांड्यात पडला. मुलांनी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले.

उस्तादांनी त्याला जवळ बसवलं, घरची विचारपूस केली. मग हातातला पाना खाली ठेवला. “बाई, वही काढा.”

बाईंनी वही काढली. शिकवणाऱ्यानं आपल्या शिष्याला तपासू नये, असं त्यात होतं. शिष्यानं गुरूला तपासावं की नाही, याबद्दल काहीच नव्हतं.

“म्हणजे चालतं,” विश्वस्त म्हणाले.

“दोन फेज उलटसुलट जोडले की मोटर उलटी फिरते,” उस्ताद म्हणाले. “पण मोटर तीच असते. याचा हात माझ्यावर उठणार नाही. उठला, तर याला रात्री झोप येणार नाही.”

परीक्षकानं चहा घेतला, पुन्हा पाया पडला आणि दुसरा माणूस पाठवा असं वर कळवून गेला.

दुसऱ्या खेपेला एक तरुण परीक्षक आली. ती कोणाला ओळखत नव्हती, तिला कोणी ओळखत नव्हतं. दारं उघडी ठेवली. बाजारातली चार माणसं डोकावायला आली, त्यांत ते चटपटीत दुकानदार पोरही होतं. उस्ताद कामाला बसले. कॉइलच्या पिळात एक वेढा इकडचा तिकडे नाही. स्लॉटातला कागद दोन्हीकडे सारखा बाहेर. पाण्यात बुडवून मेगर लावला तेव्हा काटा हवा तिथं जाऊन थांबला. मुलांना वाटलं, संपलं.

मोटर चालवून पाहायची होती. उस्तादांनी ती चालवली, टाँगटेस्टर लावला, तिन्ही फेजचा करंट सारखा आला. मग एक जोड ढिला वाटला म्हणून त्यांनी स्टार्टर बंद केला आणि बोटाची मागची बाजू हलकेच तारेला लावून पाहिली. पन्नास वर्षांची सवय. पाना घेऊन जोड आवळला. फ्यूज मेनमध्येच होते.

परीक्षक मुलीनं कागदावर लिहिलं. काम उत्तम, सुरक्षेच्या टप्प्यात अद्याप सक्षम नाही.

मुलं कुजबुजली. विश्वस्त उठून तिच्याजवळ गेले. “ताई, हा नियम यांनीच आम्हाला दिला. यांनी आजवर हजारो मोटरी भरल्या असतील. एका बोटासाठी?” बाईंनाही वाटून गेलं की वहीत अपिलाची सोय आहे, ती वापरावी. त्यांनी कागदसुद्धा पुढं ओढला.

उस्तादांनी त्या मुलीला विचारलं, “कुठं चुकलं ते दाखव.”

तिनं मेनकडे बोट दाखवलं. फ्यूज जागेवर होते.

“बरोबर आहे,” उस्ताद म्हणाले. “अपील कशाचं करू? तिनं पाहिलं ते मी केलं होतं.” त्यांनी सही केली. जाताना त्या मुलीनं नमस्कार केला. तिचे हात थोडे कापत होते. उस्तादांनी तिला बसपर्यंत सोडायला एक मुलगा बरोबर दिला.

पुढच्या महिन्यात दुसरी संधी मिळाली. त्या मधल्या दिवसांत, मुलं घरी गेल्यावर, उस्ताद एकटेच मेनशी उभे राहत. बंद करत, फ्यूज काढत, खिशात टाकत, परत लावत. दुसऱ्या खेपेला ते पास झाले. पेढे पटेलांनी वाटले.

त्या गोष्टीकडे जरा लांबून पाहिलं तर एवढंच दिसतं. इंदूरच्या फाइलमध्ये नियम पुष्कळ होते, पण ते कोणाच्या अंगावर बेतलेले नव्हते, म्हणून कोणी ते पाळले नाहीत आणि कोणी मोडलेही नाहीत. वहीतले थोडे होते. त्यांतला एक सांगणाऱ्यालाच लागू झाला, आणि त्यानं तो लागू होऊ दिला. त्या दिवशी विश्वस्तांचं ऐकलं असतं तर उस्तादांना कागद महिनाभर आधी मिळाला असता, आणि पुढच्या प्रत्येक मुलानं ‘मलाही जरा सांभाळून घ्या’ म्हटलं असतं. त्यांना नाही म्हणायचं कोणी?

त्याच आठवड्यात चटपटीत मुलगा आपली चौकट काढून केंद्रात घेऊन आला. म्हणाला, “माझी पाण्याची परीक्षा राहिलीय.” बाईंनी त्याचं नाव यादीत सगळ्यांत खाली लिहिलं, कारण नावं येतील त्याच क्रमानं यादी लावायची असंही वहीत होतं.

मग बाईंनी वहीत दोन ओळी वाढवल्या. शिष्यानंही गुरूला तपासू नये, ही एक. दुसरी फ्यूजच्या नियमाखालची. तिथं त्यांनी लिहिलं, ‘एका अनुभवी कारागिराकडून हा टप्पा राहिला.’ उस्तादांनी पेन मागून घेतलं, ‘एका अनुभवी कारागिराकडून’ यावर काट मारली आणि वर आपलं नाव घातलं. दर वर्षी नवी मुलं ते पान वाचतात, उस्तादांकडे पाहून हसतात, आणि फ्यूज काढून खिशात टाकतात.